वाहनपूजन आणि वाहननिदान

खंडेनवमी आणि विजयादशमी हे दोन दिवस साधनांविषयी कृतज्ञता व्यक्त करण्याचे आहेत. शेतकऱ्याने नांगर-वखर पूजावा, सुताराने करवत आणि रंधा पूजावा, विद्यार्थ्याने पाटीवर सरस्वती काढावी आणि कीर्तनकाराने वीणा व झांजा पाटावर मांडाव्यात, ही आपली परंपरागत रीत. ज्या साधनाच्या बळावर वर्षभर घर चालले, त्याला वर्षातून एकदा हळदकुंकू वाहणे यात मोठा अर्थ आहे. अलीकडच्या काळात या साधनांच्या पंक्तीत मोटारगाडीही येऊन बसली. वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील केनवडसारख्या गावी पूर्वी खंडेनवमीला बैलगाडीची चाके धुतली जात. आता त्याच अंगणात एखादी जुनी, स्वस्तात घेतलेली मोटार झेंडूच्या माळा मिरवीत उभी असते.

महाभारताच्या विराटपर्वात शमीवृक्षाचा प्रसंग आहे. अज्ञातवासात जाताना पांडवांनी आपली आयुधे त्या वृक्षावर दडवली, हे आपणा सर्वांस ठाऊक असते. परंतु ती तेथे ठेवण्यापूर्वी त्यांनी धनुष्यांच्या प्रत्यंचा उतरवल्या, या बारीकशा उल्लेखाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ताणलेली दोरी वर्षभर तशीच राहिली असती, तर धनुष्याचा जोर कमी झाला असता. शस्त्रावर श्रद्धा असणाऱ्याने शस्त्राची प्रकृतीही जाणली पाहिजे, हा त्या कृतीचा मथितार्थ. आज गाडीला हार घालणाऱ्या आपल्यापैकी कितीजण गाडीची प्रकृती जाणतात?

हा प्रश्न जुन्या गाडीच्या बाबतीत अधिक महत्त्वाचा ठरतो. मध्यमवर्गीय भारतीय कुटुंबाला चारचाकीचे दार ज्या गाडीने उघडून दिले, ती मारुती ८०० होय. दिनांक १४ डिसेंबर १९८३ रोजी तत्कालीन पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांनी पहिल्या ग्राहकाच्या हाती तिची किल्ली दिली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे या जातीची सर्वात तरुण गाडीसुद्धा आज दहा वर्षांहून अधिक वयाची आहे. तरीही तीन सिलिंडर आणि ७९६ घनसेंटिमीटरचे ते छोटे इंजिन खेड्यापाड्यांतून अजून फिरते आहे. दुसऱ्या, तिसऱ्या वा चौथ्या हाती आलेली ही गाडी वृद्ध मातापित्यांना शेगावला नेते, माहूरच्या गडाच्या पायथ्याशी पोचवते, रात्री-अपरात्री प्रसूतीसाठी वाशीमला धावते. अशी गाडी मध्यरात्री आडरस्त्यावर थांबली की घरातल्या सगळ्यांचाच जीव टांगणीला लागतो. आणि मग घाबरलेला मालक मिस्त्री सांगेल तो सुटा भाग बदलीत सुटतो. पैसा जातो, दोष मात्र जागच्या जागी राहतो.

रोगी मुका, म्हणून मालक बोलका हवा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. यातील रोग्याच्या अंगी जे गुण असावेत म्हणून सांगितले, त्यांत ‘ज्ञापकत्व’ हा एक गुण आहे. आपल्याला काय होते आहे ते वैद्याला नीट सांगता येणे, हा त्याचा अर्थ. गाडीच्या बाबतीत मिस्त्री हा वैद्य, सुटे भाग हे औषध, पाने देणारा पोरगा हा परिचारक. रोगी मात्र मुका. तेव्हा ज्ञापकत्वाची जबाबदारी मालकावर येते.

“गाडी बिघडली आहे, पाहा,” एवढेच सांगणारा मालक मिस्त्रीला अंधारात ढकलतो. त्याऐवजी त्याने सांगावे: दोष सकाळी थंड इंजिनावर दिसतो की वीस किलोमीटर चालल्यावर? उभ्या गाडीत की वेग घेताना? सरळ रस्त्यावर की वळणावर? तो एकाएकी आला की हळूहळू वाढला? त्याच्या आधी गाडीचे कोणते काम झाले होते? माधवनिदानात रोग ओळखण्याची जी पाच साधने दिली आहेत, त्यांत हेतू म्हणजे कारण, पूर्वरूप म्हणजे आधीची चाहूल आणि रूप म्हणजे प्रकट लक्षण ही तीन येतात. वरील प्रश्न म्हणजे दुसरे काय आहे? चौथे साधन ‘उपशय’, म्हणजे एखादा उपाय करून पाहावा आणि त्याने आराम पडतो की नाही यावरून रोग ताडावा. गाडीलाही हे लागू आहे; फक्त एक पथ्य पाळावे. एका वेळी एकच बदल करावा. प्लग, कॉइल आणि पेट्रोलची गाळणी एकाच दिवशी बदलली आणि गाडी चालली, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही.

धुतलेली गाडी चालू का होत नाही?

खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, अनेक जुन्या गाड्या रुसून बसतात. लोक याला दृष्ट लागणे म्हणतात. कारण बहुधा साधे असते. आदल्या दिवशी पूजेसाठी बोनेट उघडून इंजिनावर पाण्याचा फवारा मारलेला असतो. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत प्रत्येक प्लगकडे वीज पाळीपाळीने वाटणारा एक भाग असतो, डिस्ट्रिब्यूटर. गॅरेजच्या बोलीत त्याला ‘डेल्को’ म्हणतात. त्याच्या टोपीच्या आत ओलावा शिरला की वीज प्लगपर्यंत न जाता ओलाव्यातून वाट काढते. मग गाडी एक तर चालूच होत नाही किंवा अडखळत, ‘मिसिंग’ करीत चालते.

उपाय कोणीही करावा असा आहे. किल्ली बंद करून ती टोपी काढावी, आतून-बाहेरून कोरड्या सुती फडक्याने पुसावी आणि थोडा वेळ उन्हात ठेवावी. टोपीला बारीक तडा किंवा आत काळसर रेघ दिसली, तर मात्र ती बदलावी. प्लगच्या वायरी एकेक करून पुसाव्यात; क्रम चुकू नये म्हणून एकाच वेळी सर्व उपसू नयेत. आणि पुढच्या वर्षी धुताना त्या भागावर प्लॅस्टिकची पिशवी बांधावी, म्हणजे हा प्रसंगच येणार नाही.

हारांविषयीही एक सूचना. समोरच्या जाळीवर दाट गुंफलेले झेंडूचे हार काही दिवस तसेच राहिले, तर रेडिएटरला वारा मिळत नाही आणि गाडी तापते. पूजेनंतर प्रवासाला निघताना हार उतरवून ठेवावेत. काचेवरचे कुंकवाचे स्वस्तिकही चालकाच्या दृष्टीआड येणार नाही अशा कोपऱ्यात काढावे. पेट्रोलचा वास येत असलेल्या गाडीजवळ कापूर किंवा उदबत्ती कदापि पेटवू नये. आधी गळती शोधावी, मग आरती करावी.

सेल्फ फिरतो का?

गाडी चालू होत नसेल तर पहिला प्रश्न एकच: सेल्फ मारल्यावर इंजिन फिरते की नाही? फिरत नसेल तर दोष विजेच्या साठ्यात वा वाटेत आहे. पुढचे दिवे लावून सेल्फ मारावा. दिवे एकदम मंद झाले तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली आहे. दिवे प्रखर राहिले आणि आवाजही झाला नाही, तर सेल्फचा स्विच, सोलेनॉइड किंवा त्यांची वायर पाहावी. बॅटरीच्या टोकांवरची बुरशी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुतली आणि वर पेट्रोलियम जेली लावली, तर कितीतरी ‘मेलेल्या’ बॅटऱ्या जिवंत होतात. टोके काढताना ऋण म्हणजे काळी वायर आधी काढावी आणि लावताना शेवटी लावावी.

साधा व्होल्टमीटर जवळ असला तर संशयाला जागाच राहत नाही. रात्रभर विसावलेली सुदृढ बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या आसपास असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसावेत. तसे न दिसल्यास नवी बॅटरी घेऊनही उपयोग नाही. कारण ती भरणारा अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा आजारी आहे. पट्टा सैल असल्यास तो ताणण्याचे काम काही मिनिटांचे असते, तर बॅटरीला हजारो रुपये लागतात. निदान चुकल्याची किंमत ती हीच.

सेल्फ जोमाने फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, तेव्हा तीन गोष्टी तपासाव्यात: ठिणगी, इंधन आणि हवा. प्लग काढून पाहावा. तो पेट्रोलने ओला असेल तर इंधन येते आहे, ठिणगी नाही. कोरडा असेल तर इंधनच पोचत नाही. काजळीने काळा असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. चोक अडकला आहे का, हवेची गाळणी धुळीने भरली आहे का, ते पाहावे. आमच्या भागातील कच्च्या रस्त्यांवर ही गाळणी फार लवकर भरते. कार्बोरेटरच्या मारुतीत प्लगच्या टोकांतील अंतर साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर असावे. इसवी सन २००० च्या सुमारास कार्बोरेटर जाऊन इंजेक्शनची पद्धत आली. त्या गाड्यांत पेट्रोलचा पंप विजेवर चालतो. म्हणून बॅटरी पूर्ण उतरलेली असता जुनी कार्बोरेटरची गाडी धक्का मारून चालू होऊ शकते, इंजेक्शनची बहुधा होत नाही.

आज एका नव्या कारणाकडेही लक्ष दिले पाहिजे. २०२५ पासून देशभर पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि वॉशर त्या मिश्रणासाठी घडवलेले नाहीत. ते फुगतात, मऊ पडतात, भेगाळतात. इथेनॉल पाणीही ओढून घेते, म्हणून महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाणी साचण्याचा संभव असतो. पेट्रोलच्या सर्व रबरी नळ्या वर्षातून एकदा हाताने दाबून पाहाव्यात आणि शंका येताच नव्या पेट्रोलला टिकणाऱ्या नळ्या बसवाव्यात. हा खर्च थोडा असतो. इंजिनाच्या उष्णतेशेजारी गळणारे पेट्रोल मात्र प्राणावर बेतते. घरगुती गॅसची टाकी गाडीत ठेवून ती चालवणे तर बेकायदा आणि जीवघेणे आहे. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

तापणारे इंजिन आणि बोलका धूर

विदर्भाच्या उन्हाळ्यात जुन्या गाडीची खरी परीक्षा होते. तापमापकाचा काटा वर चढू लागला तर गाडी सावलीत उभी करून इंजिन बंद करावे आणि ते पुरते निवेपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतील पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर तापलेले असते. झाकण सैल होताच ते उसळून तोंड भाजते. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतल्यास धातूला तडा जाऊ शकतो.

निवाल्यावर कारण शोधावे. पाणी कमी झाले आहे का? नळी फुटली आहे का? गाडी रांगेत उभी असतानाच तापत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर निवत असेल, तर विजेचा पंखा फिरत नाही; त्याचा फ्यूज आणि स्विच पाहावा. उलट वेगात असतानाच तापत असेल, तर रेडिएटर आतून चोंदला आहे किंवा थर्मोस्टॅट अडकला आहे. आपल्याकडील बोअरच्या पाण्यात क्षार फार. ते रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे ओतल्यास हंड्याच्या तळाशी बसतो तसा थर आत बसतो. म्हणून कूलंट आणि शुद्ध पाणी यांचे मिश्रणच वापरावे.

धुराचा रंग म्हणजे गाडीची नाडी होय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते. सकाळी पहिल्यांदा चालू करतानाच क्षणभर दिसला तर व्हॉल्व्हची सीले झिजली आहेत, आणि चढावर जोर देताना सतत दिसला तर पिस्टनच्या रिंगा. थंडीत सकाळी दिसणारी पांढरी वाफ निर्दोष असते. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येतच राहिला, पाणी कमी होत गेले आणि ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा पांढुरका साय दिसला, तर हेड गॅस्केट गेले आहे असे समजावे. अशा स्थितीत गाडी ओढून न्यावी, चालवू नये.

ज्यात तडजोड नाही

इंजिन बंद पडले तर गाडी थांबते. ब्रेक गेला तर थांबत नाही. म्हणून ब्रेकची लक्षणे प्रत्येक घरात माहीत असावीत. पेडल स्पंजासारखे मऊ लागले तर नळ्यांत हवा शिरली आहे. पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली जात असेल, तर मास्टर सिलिंडर किंवा नळी गळते आहे. ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढत असेल, तर एका चाकाचा ब्रेक अडकला आहे किंवा त्याच्या लायनरवर ऑइल आले आहे. घासल्यासारखा कर्कश आवाज म्हणजे पॅड संपले. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावे. आणि त्या डब्यात इंजिन ऑइल थेंबभरही पडू देऊ नये, कारण त्याने सर्व रबरी सीले फुगून निकामी होतात.

आवाजही ऐकण्यास शिकावे. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हाकताना पुढून ‘कट्-कट्’ असा आवाज आला, तर पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या शाफ्टचा सांधा झिजला आहे. त्याचे रबरी आवरण फाटलेले आढळेल. वेगाबरोबर वाढणारी घूंघूं बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते. खड्ड्यात ‘धप्’ असा आवाज झाला तर बुश पाहावेत. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी वयाने जुन्या झालेल्या, भेगाळलेल्या टायरवर लांबचा प्रवास करू नये.

दसऱ्याच्या मुहूर्तावर जुनी गाडी घेताना

अनेक कुटुंबे या मुहूर्तावर जुनी गाडी घरी आणतात. मुहूर्त पाहावाच, पण गाडी त्याआधी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. विकणाऱ्याने ती आधीच तापवून ठेवली असेल तर सकाळचे दोष झाकले जातात. पायाखालची गालिचे उचलून पत्रा पाहावा. केनवडच्या परिसरातील काळी चिकण माती चाकांवरच्या पत्र्याच्या आत थापली जाते, ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून गंजवते. इंजिन दुरुस्त होते. कुजलेला सांगाडा सहजी होत नाही. टायमिंग बेल्ट केव्हा बदलला ते विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर तो बदलण्याचा खर्च किमतीत धरावा, कारण तो तुटला की गाडी जागीच बंद पडते.

कागदही तितकेच महत्त्वाचे. चासी आणि इंजिनाचे क्रमांक नोंदणीपुस्तकाशी स्वतः ताडून पाहावेत. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे तपासणीनंतर पाच-पाच वर्षांनी वाढते. ती मुदत पाहावी. विमा, प्रदूषण प्रमाणपत्र, आणि पूर्वी कर्ज असल्यास ते फिटल्याची नोंद पाहावी. वाशीम जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला, म्हणून त्याआधीच्या स्थानिक गाड्यांवर अकोल्याचा एमएच ३० हा क्रमांक असतो, पुढच्या गाड्यांवर वाशीमचा एमएच ३७. नाव आपल्या नावावर झाल्याखेरीज व्यवहार पुरा झाला असे मानू नये.

एक वही पूजेत असावी

सुज्ञ वाचकहो, दसऱ्याला आपण पाटी-पुस्तक पूजतो. यंदा त्या पाटावर एक छोटी वही ठेवावी आणि पूजेनंतर ती गाडीच्या कप्प्यात जावी. कोणत्या तारखेला ऑइल बदलले, किती किलोमीटरवर पट्टा घातला, कोणता आवाज केव्हा प्रथम ऐकला, हे सारे तीत लिहावे. गावच्या मिस्त्रीच्या हातात ही वही पडली की त्याचे अर्धे काम झालेच. तोही प्रामाणिकपणे कष्ट करणारा असतो. त्याला अंदाजाने काम करावे लागते ते आपण काहीच सांगत नाही म्हणून. आणि जो प्रामाणिक नसेल, त्यालाही वही ठेवणाऱ्या मालकाला फसवणे कठीण जाते.

सीमोल्लंघनास निघण्यापूर्वी दहा मिनिटे काढावीत. पाणी, इंजिनाचे ऑइल, ब्रेकचे ऑइल, चारही चाकांची आणि स्टेपनीची हवा, पुढचे-मागचे दिवे, जॅक आणि पाना एवढे पाहावे. नंतर नारळ फोडावा, आपट्याचे पान वाहावे आणि वडीलधाऱ्यांना गाडीत बसवावे. जिची नाडी आपण जाणतो, तिची पूजा पूर्ण झाली असे खुशाल समजावे. सर्व वाचकांचा प्रवास सुखरूप होवो, आणि प्रत्येकाचे वाहन त्याला दिवेलागणीच्या आत घरी परत आणो, हीच विजयादशमीच्या निमित्ताने श्रीचरणी प्रार्थना.